जबाबदारी ठरवावयाची कोणी? महाराष्ट्राच्या ६७ संसदसदस्यांस अनावृत पत्र

सन्माननीय सदस्यहो,

महाराष्ट्राने लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ प्रतिनिधी पाठवावयाचे असतात. ते सर्व एका पक्षाचे नसतात, एका मताचे नसतात, आणि तसे ते असावेत अशी कोणा शहाण्या माणसाची अपेक्षाही नाही. तरीही हे पत्र मी कोणा एका पक्षाच्या किंवा मंत्र्याच्या नावे न लिहिता आपणा सर्वांस एकत्र लिहीत आहे, याचे कारण असे की, दहशतवादी हल्ल्यांच्या जबाबदारीचा जो विषय मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे, त्या विषयात आपल्यापैकी बहुतेकांचे पक्ष केव्हा ना केव्हा सत्तेच्या बाकांवर आरोपी म्हणून बसलेले आहेत आणि केव्हा ना केव्हा समोरच्या बाकांवर फिर्यादी म्हणून.

फार मागे जावयास नको. १० एप्रिल २०२५ रोजी मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यातील आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून दिल्लीस आणण्यात आले, आणि त्याच दिवशी या प्रत्यार्पणाचे श्रेय कोणाचे याविषयी दोन प्रमुख पक्षांत चढाओढ लागली. एकाचे म्हणणे असे की हे आमच्या सरकारच्या खंबीर परराष्ट्रनीतीचे फळ, तर दुसऱ्याचे असे की २००९ साली राष्ट्रीय तपास संस्थेने गुन्हा नोंदविला तेव्हापासूनची ही आमच्या मंत्र्यांची मेहनत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि सोळा वर्षे चाललेल्या कोणत्याही सरकारी कामात ते असेच वाटले गेलेले असावयाचे. परंतु त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसे मारली गेली, त्यांत डोंबिवलीची, पुण्याची आणि पनवेलची मिळून महाराष्ट्रातील सहा होती, आणि श्रेयाला जिथे दोन दावेदार उभे राहिले होते तिथे जबाबदारीला वारस मिळेना. जम्मू-काश्मीर हा आज केंद्रशासित प्रदेश असल्यामुळे तिथले पोलीस राज्याचे की केंद्राचे हा नेहमीचा वादही या वेळी उपलब्ध नव्हता. जुलै महिन्यात तेथील उपराज्यपालांनी एका मुलाखतीत ती सुरक्षेतील चूक होती आणि तिची जबाबदारी आपली आहे असे स्पष्ट सांगितले. ही कबुली प्रांजळ होती यात शंका नाही, पण तिची पुढे कोणत्या दप्तरात नोंद झाली, कोणी तिच्यावरून काय विचारले, आणि कोणत्या अंमलदाराची त्यावरून चौकशी झाली, यातले काहीही लोकांपुढे आले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस लोकसभेत दोन दिवस चर्चा झाली, तेव्हा विरोधी बाकांवरून २००८ साली मुंबईवरील हल्ल्यानंतर मंत्र्यांनी राजीनामे दिले होते याची आठवण करून देण्यात आली, आणि सत्तारूढ बाकांवरून त्या जुन्या सरकारच्या कारकीर्दीतील हल्ल्यांची यादी वाचून दाखविण्यात आली. आपल्यापैकी पुष्कळजण तेव्हा सभागृहात हजर होते.

पक्षांनी या विषयावर भांडूच नये, राष्ट्रीय सुरक्षा ही पक्षातीत बाब आहे, असे म्हणणाऱ्या सज्जनांचा एक वर्ग आपल्याकडे आहे. मी त्या वर्गातला नाही. अशा उपदेशाचा लाभ नेहमी त्या वेळी सत्तेवर असलेल्यांनाच होतो. खुलासा मागण्याचे काम विरोधी पक्षाने केले नाही तर ते दुसरे कोण करणार? माझी तक्रार आपण भांडता याबद्दल नाही. ज्या कागदांच्या आधाराने हे भांडण निकालात निघावे ते कागदच कोणी तयार करीत नाही, आणि ती उणीव सर्व पक्षांना सोयीची झाली आहे, ही माझी तक्रार आहे.

मुंबईचेच पाहू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमारनगरात रबरी होडीतून जी दहा माणसे उतरली, त्यांना तेथील कोळ्यांनी तुम्ही कोण, कुठले, म्हणून हटकले होते. चौकशी केली ती त्यांनीच. तत्पूर्वी पोरबंदरची कुबेर नावाची मासेमारी नौका पळवून, तिच्यावरील खलाशांना ठार करून ही टोळी मुंबईच्या समुद्रापर्यंत आली, तोवर त्यांना हटकणारे सरकारी माणूस एकही भेटले नव्हते. किनाऱ्यालगतच्या पाण्यातील पहारा राज्याच्या सागरी पोलिसांकडे, त्यापलीकडचा तटरक्षक दलाकडे, आणि खोल समुद्र नौदलाकडे अशी ढोबळ वाटणी होती. मासेमारी नौकांची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे, बंदरातील माल आणि जकात कस्टमकडे, आणि समुद्रामार्गे हल्ला संभवतो असे इशारे गोळा करण्याचे काम दिल्लीतील गुप्तवार्ता यंत्रणांकडे. सातशेवर किलोमीटरच्या या किनाऱ्याला मालक इतके होते की चोराला कोणी विचारावे हे ठरेना. आणि हे प्रथमच घडत होते असेही नाही, कारण फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर जी स्फोटके उतरली आणि १२ मार्चला ज्यांनी मुंबईत २५७ बळी घेतले, तीही समुद्रानेच आली होती, आणि त्या प्रकरणी पुढे टाडा न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांत कस्टमचे आणि पोलीस खात्याचे लोकही होते. दोन्ही वेळी राज्यात आणि केंद्रात काँग्रेसचे किंवा तिच्या आघाडीचे सरकार होते हे खरे. मधल्या पंधरा वर्षांत साडेचार वर्षे राज्यात शिवसेना-भाजप युतीचे आणि सुमारे सहा वर्षे केंद्रात वाजपेयींचे सरकार होते, हेही तितकेच खरे. किनाऱ्याच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र केंद्रीय योजना सुरू झाली ती २००५ मध्ये.

मग राजीनामे आले. ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील, आणि पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख. तिघेही महाराष्ट्राचे. लोकांना तेव्हा वाटले की, चला, निदान कोणी तरी किंमत मोजली. मे २००९ मध्ये विलासराव केंद्रात मंत्री झाले, नोव्हेंबरमध्ये आर. आर. पाटील पुन्हा त्याच गृहखात्यात आले, आणि जानेवारी २०१० मध्ये शिवराज पाटील पंजाबचे राज्यपाल झाले. यात कोणाचा व्यक्तिशः अधिक्षेप करावा असा माझा हेतू नाही. त्यांच्यापैकी कोणीही आज हयात नाही, आणि एखाद्या हल्ल्याचा दोष मंत्र्याच्या अंगी किती हे कोणी ठरविलेच नसेल तर त्याला आयुष्यभर बाहेर ठेवावे असेही म्हणता येत नाही. परंतु मग राजीनामा या गोष्टीचा अर्थ काय राहिला? जबाबदारी निश्चित होण्याआधी दिलेला राजीनामा ती निश्चित करण्याची गरजच संपवून टाकतो, हा त्याचा खरा उपयोग झाला. म्हणूनच आज जे पक्ष दुसऱ्यांना राजीनाम्याची आठवण करून देतात, किंवा राजीनामा न देण्यातच धैर्य मानतात, त्या दोघांच्याही वादात मला गोडी उरलेली नाही.

त्या वेळी एक चौकशी मात्र झाली, आणि तिची कथा आपण सर्वांनी, विशेषतः ज्यांचे पक्ष तेव्हा राज्यात सत्तेवर होते त्यांनी, पुन्हा वाचण्यासारखी आहे. ३० डिसेंबर २००८ रोजी राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन या दोन निवृत्त आणि जाणत्या अधिकाऱ्यांची समिती नेमली. ही समिती १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेली नव्हती, साध्या प्रशासकीय निर्णयाने नेमलेली होती, आणि त्यामुळे साक्षीदारांना बोलावण्याची कायदेशीर मुखत्यारी तिला नव्हती. तिच्या कार्यकक्षेत राज्याचे पोलीस आणि प्रशासन होते. केंद्राच्या गुप्तवार्ता यंत्रणा, नौदल, तटरक्षक दल नव्हते. म्हणजे इशारा मंत्रालयाच्या बारनिशीत आल्यावर त्याचे काय झाले हे समितीने पाहावयाचे, पण तो इशारा दिल्लीत कोणी लिहिला, त्याला किती वजन दिले आणि तो पाठविताना काय गाळले, हे पाहावयाचे नाही! एवढ्या मर्यादेतही समितीने आपले काम नेटाने केले. आलेल्या इशाऱ्यांची राज्याच्या पातळीवर सुसूत्र छाननी होत नव्हती हे तिने दाखविले, आणि शहराच्या पोलीस नेतृत्वाविषयी प्रतिकूल अभिप्रायही नोंदविला. अहवाल एप्रिल २००९ मध्ये सरकारला मिळाला. चौकशी आयोग कायद्याखालील अहवाल सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक असते; हा त्या कायद्याखालचा नसल्यामुळे तसे बंधन नव्हते. प्रारंभी विधिमंडळापुढे केवळ कार्यवाहीचा अहवाल ठेवण्यात आला. मध्यंतरी लोकसभेची निवडणूक झाली, ऑक्टोबरमध्ये विधानसभेचीही झाली, दोन्हींत मुंबईवरील हल्ला हा प्रचाराचा विषय होता, आणि ज्या मतदाराने त्यावर मत द्यावयाचे त्याच्यापुढे संपूर्ण अहवाल मात्र नव्हता. तो डिसेंबर २००९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मांडला गेला, आणि तोही मजकूर आधी बाहेर फुटल्यावर, विरोधी पक्षाने गदारोळ केल्यावर. पक्षीय भांडणाला मी सरसकट वाईट का म्हणत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

येथे एक आडवळणाची गोष्ट सांगतो. हेच राम प्रधान तरुणपणी यशवंतराव चव्हाणांचे स्वीय सचिव होते, १९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले तेव्हाचे. त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल यशवंतरावांच्याच काळात सरकारला सादर झाला; त्याचा सारांश त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेला सांगितला, आणि मूळ अहवाल साठ वर्षे उलटून गेल्यावरही कोणत्याच सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, विरोधात असताना तो मागणाऱ्यांनीही नाही. एका अप्रकाशित अहवालाच्या सावलीत ज्याने तरुणपणी नोकरी केली त्याने उतारवयात दुसरा अहवाल लिहिला आणि तो फुटल्याखेरीज लोकांपुढे आला नाही. आपल्या राज्यपद्धतीत एवढा एक शिरस्ता तरी अबाधित आहे म्हणावयाचे.

आणि युतीच्या पक्षांनी यावर फार समाधान मानू नये. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारा न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारनेच गुंडाळला होता. मे महिन्यात तो पुनरुज्जीवित केला तेव्हा त्याच्या कक्षेत मार्च १९९३ चे बाँबस्फोटही घालण्यात आले. स्फोटांची चौकशी व्हावी यात गैर काहीच नव्हते. पण आयोगाच्या कार्यकक्षेचा मसुदा कोणत्या पक्षाला कोणते पान अडचणीचे याच्या हिशेबाने फिरतो, हे त्यातून उघड झाले.

दहशतवादविरोधी कायद्यांच्या बाबतीत तर भूमिकांची अदलाबदल इतक्या वेळा झाली आहे की ती कोणी लक्षात ठेवीत नाही, आणि ज्यांनी ठेवावयाची तेच विसरतात. टाडा काँग्रेसने १९८५ साली आणला आणि १९९५ साली काँग्रेसच्याच सरकारने तो संपू दिला. पोटा वाजपेयी सरकारने २६ मार्च २००२ रोजी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत संमत करून घेतला, २००४ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीने तो रद्द केला, आणि त्याच वेळी त्यातील बराच भाग जुन्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घालून ठेवला. पोटा का काढला म्हणून एक पक्ष चार वर्षे दोष देत राहिला आणि तो काढला म्हणून दुसरा श्रेय घेत राहिला. आपला मोक्का १९९९ साली युतीने केला आणि पुढची पंधरा वर्षे काँग्रेस-राष्ट्रवादीने तो बेधडक वापरला, पण त्याच धर्तीवरच्या गुजरातच्या विधेयकाला केंद्रातील त्यांच्या आघाडीने संमती मिळू दिली नाही. मुंबईवरील हल्ल्यानंतर राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची तजवीज तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री चिदंबरम यांनी केली, फेब्रुवारी २०१२ मध्ये तसा हुकूमही निघाला, आणि राज्यांच्या अधिकारांवर हे आक्रमण आहे अशी हरकत ज्या मुख्यमंत्र्यांनी घेतली त्यांत ममता बॅनर्जी, नवीन पटनाईक, जयललिता यांच्याबरोबर गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदीही होते. ते दहशतवादविरोधी केंद्र बारगळले. पुढे जानेवारी २०२० मध्ये एल्गार परिषदेचा तपास केंद्राने राष्ट्रीय तपास संस्थेकडे घेतला तेव्हा राज्याच्या अधिकारांची हीच हरकत महाराष्ट्रातील महाविकास आघाडीने घेतली, आणि त्याच महिन्यात छत्तीसगडच्या काँग्रेस सरकारने राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदाच घटनाबाह्य आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. हा कायदा डिसेंबर २००८ मध्ये काँग्रेसच्याच नेतृत्वाखालील सरकारने केला होता. पोलीस हा राज्याचा विषय की संरक्षण हा केंद्राचा, हा प्रश्न घटनेच्या सातव्या अनुसूचीतून सुटावयाचा, पण आपण तो कोणत्या बाकावर बसलो आहोत यावरून सोडविता.

आता अगदी अलीकडचे. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वेगाड्यांतील बाँबस्फोटांच्या खटल्यातील बाराही आरोपींना निर्दोष सोडले, आणि दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींना सोडले. पहिल्या निकालाने हादरून राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या निकालाने सत्तारूढ पक्षाला समाधान झाले आणि विरोधकांनी क्षमा मागावी अशी मागणी झाली. तिकडे विरोधी बाजूस हेच उलट क्रमाने, जरा हलक्या आवाजात, घडले. पहिल्या निकालात निरपराधांची एकोणीस वर्षे दिसली, दुसऱ्यात तपास पातळ केल्याचा संशय. दोन्ही गुन्ह्यांचा मूळ तपास राज्याच्या एकाच दहशतवादविरोधी पथकाने केला होता, राज्यातील सरकारही तेच होते, आणि दोन्ही निकालांत न्यायालयाने सांगितले ते एकच: आरोप सिद्ध झाले नाहीत. लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सुमारे दोनशे माणसे मारली गेली, मालेगावच्या भिक्खू चौकात सहा. ती कोणी मारली याचे उत्तर देण्याची पाळी कोणत्या सरकारची आहे? त्या दहा दिवसांत मी आपल्यापैकी कोणाच्याही तोंडून, दोन्ही तपास का फसले याची एकत्र चौकशी करा, अशी मागणी ऐकली नाही. एका निकालावर संतापण्यासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागत होती, आणि ती सर्वांनी फिरविली.

याहून वेगळे काही करता येत नाही असेही नाही. कारगिलनंतर, युद्ध संपताच, २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सात महिन्यांच्या आत तिचा अहवाल, गोपनीय भाग वगळून, संसदेपुढे आला. त्या समितीने व्यक्तींवर दोष ठेवण्याचे टाळले, अशी तेव्हाच्या विरोधकांची टीका होती आणि ती मला रास्त वाटते. पण लष्कर, गुप्तवार्ता यंत्रणा आणि मंत्रालये यांना तिने एका टेबलाभोवती आणून प्रश्न विचारले, हे मान्य करावेच लागेल. २६ नोव्हेंबरनंतर असे राष्ट्रीय पातळीवर काहीच झाले नाही. १६६ माणसे मेली, साठ तास देशाचे पहिले शहर ओलीस राहिले, आणि केंद्राच्या यंत्रणांनी काय केले याचा एकही सार्वजनिक अहवाल नाही. त्या वेळच्या सरकारने केला नाही, आणि २०१४ नंतर आलेल्या सरकारने, जे त्या सरकारला या प्रश्नावर रोज दोष देते, त्यानेही मागविला नाही.

तेव्हा माझी विनंती मोठी नाही. आपण ६७ जणांनी, निरनिराळ्या पक्षांच्या दोघांनी मांडून, एक अशासकीय विधेयक आणावे. त्यात एवढेच असावे की, ठरावीक संख्येहून अधिक माणसे ज्या दहशतवादी हल्ल्यात मरतील त्याची चौकशी आपोआप सुरू व्हावी, सरकारच्या मर्जीवर ती नसावी. समितीचे निम्मे सदस्य विरोधी पक्षाने सुचविलेले असावेत. केंद्र आणि राज्य या दोहोंच्या यंत्रणांना, ज्यांच्यामागे आजही संसदेचा स्वतंत्र कायदा नाही त्या गुप्तवार्ता संस्थांनाही, तिच्यापुढे दप्तरासह हजर राहावे लागावे, वाटल्यास बंद दाराआड. आणि अहवाल, जे खरोखर झाकावयाचे तेवढे झाकून, सहा महिन्यांत दोन्ही सभागृहांच्या आणि संबंधित विधिमंडळाच्या पटलावर यावा. गुप्ततेची सबब सांगितली जाईल. झाकावयाच्या ओळी कोणत्या हेही त्याच समितीने ठरवावे, खात्याने नव्हे. तपास ज्या खटल्यांत वर्षानुवर्षांनी कोसळला त्यांनाही हाच नियम लावता येईल, आणि २००६ व २००८ च्या दोन्ही खटल्यांपासून त्याचा प्रारंभ करता येईल, म्हणजे आपण दोन्ही बाजूंनी काहीतरी गमावाल.

अशासकीय विधेयके शुक्रवारी उत्तरार्धात, अर्ध्या रिकाम्या सभागृहात चर्चेस येतात, आणि १९७० नंतर त्यांतले एकही कायद्यात परिणत झालेले नाही, हे मला ठाऊक आहे. गुप्तवार्ता संस्थांना संसदेच्या देखरेखीखाली आणणारे एक विधेयक २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी मांडले होते, त्याचेही पुढे काही झाले नाही. म्हणून विधेयक संमत होईल अशी आशा मी धरीत नाही. ते मांडले जावे, आणि चर्चेच्या अखेरीस ते मागे घेण्याचा जो परिपाठ आहे तो या एका वेळी न पाळता आपण मतविभाजन मागावे, म्हणजे कोण बाजूने, कोण विरुद्ध आणि कोण गैरहजर, हे नावानिशी कामकाजाच्या वृत्तान्तात छापले जाईल.

आपला नम्र,
मुंबईतील एक मतदार